हात वर न करणाऱ्यांचा वर्ग

फळा आणि खडू यांच्या सोबतीत आमची निम्मी नोकरी सरली. आम्ही म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवणारे तिघे. एकाकडे मराठी, दुसऱ्याकडे गणित आणि तिसऱ्या बाईंकडे विज्ञान. शाळा मराठी माध्यमाची. पटावरची निम्म्याहून अधिक मुले मोमीन, बागवान, अत्तार, शिकलगार, पिंजारी अशा घरांतली. ही मुले घरी दखनी बोलतात, शाळेत मराठी लिहितात आणि मोबाइलवर हिंदी ऐकतात. तीन भाषांच्या या वाटेवर कोणाचे पाऊल नेमके कोठे अडते ते शोधणे, हेच आमचे रोजचे काम.

आणि तेच काम वर्गात सर्वांत अवघड. शिक्षक विचारतो, ‘समजले का?’ साठ मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात. पुढे प्रश्न विचारला की पाच हात वर जातात. वर्षभर तेच पाच. मधल्या बाकांवरची मुले पुस्तकात मान घालतात. भिंतीकडच्या बाकांवर बसलेल्या मुली ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत तास संपण्याची वाट पाहतात. त्यांना येत नाही असे नाही. बोलल्यावर हसतील, ही भीती असते. हसतातही. ‘माझी आवाज’ म्हणणाऱ्या मुलीला एकदा हसले की ती पुढची दोन वर्षे तोंड उघडत नाही, हे शिक्षकी पेशातल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

संगणकाची आणि आमची ओळख जुनी होती, पण ती कागदापुरती. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम २००२ साली सुरू झाला आणि आमच्यासारख्या असंख्य शिक्षकांनी तो पुरा करून प्रमाणपत्र फाइलला लावले. प्रश्नपत्रिका टाइप करता येऊ लागली. पण घरी एका फाँटमध्ये टाइप केलेली मराठी शाळेच्या संगणकावर उघडली की तिचे चिन्हांचे जंगल होई. पुढे युनिकोडची देवनागरी मोबाइलमध्ये आली आणि हा प्रश्न मिटला. तरीही संगणक म्हणजे सुबक अक्षराचा टाइपरायटर, एवढीच आमची समजूत राहिली. मुलांकडून काही परत येईल असे साधन म्हणून त्याकडे पाहण्याची वेळच आली नव्हती.

ती वेळ आली २५ मार्च २०२० नंतर. देश बंद झाला, शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवे वर्ष सुरू झाले तेव्हा वर्ग व्हॉट्सअॅपच्या गटात भरला. आम्ही धड्यांचे फोटो, पीडीएफ, व्हिडिओ पाठवू लागलो. सारा महाराष्ट्र तेच करत होता. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड होते, ते दीक्षा या सरकारी मंचावरचे साहित्य उघडत. तेही मुलांना दाखवले. पण हे सगळे टपाल होते. पत्र पेटीत टाकावे तसे. दोन निळ्या खुणा उमटल्या म्हणजे मुलाने संदेश उघडला एवढे कळते. समजला की नाही, हे त्या खुणा सांगत नाहीत.

शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका दादीने आमच्यापैकी एकाला रस्त्यात थांबवून विचारले, “बेटा, इत्ते से मोबाइल में मास्तर कैसा समाया?” आम्ही हसलो. पण तो प्रश्न डोक्यात राहिला. मास्तर मोबाइलमध्ये मावला होता. पोर मावले नव्हते. पोराला त्यात जागा करून देणे, हे पुढचे काम होते.

पहिले साधन अगदी साधे मिळाले, गूगल फॉर्म. त्यात ‘क्विझ’ची सोय असते. प्रश्न लिहावा, चार पर्याय द्यावेत, बरोबर उत्तर नोंदवावे आणि बरोबर व चूक उत्तर देणाऱ्यासाठी दोन वेगळ्या सूचना लिहून ठेवाव्यात. मुलाने फॉर्म पाठवला की गुण आणि सूचना लगेच त्याच्यापुढे येतात. आमच्याकडे साऱ्या वर्गाचा आलेख तयार होतो, कोणत्या पर्यायाला किती जण गेले याचा.

या आलेखाने गणिताच्या सरांची झोप उडवली. प्रश्न होता एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? उत्तर पाच षष्ठांश. बाकीचे तीन पर्याय त्यांनी विचारपूर्वक ठेवले होते. दोन पंचमांश निवडणारा मुलगा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो. दोन षष्ठांश निवडणाऱ्याला समान छेद काढणे कळते, पण तो अंश बदलायचे विसरतो. एक षष्ठांश निवडणारा बेरजेऐवजी गुणाकार करतो. म्हणजे चुकीचे उत्तर हेच निदान. डॉक्टर नाडी पाहतो तसे. जवळजवळ निम्मा वर्ग दोन पंचमांशावर होता. आणि हा नववीचा वर्ग! पाचवीपासून ही गाठ तशीच राहिली होती. प्रत्येक वर्षी पाच हात वर गेले आणि धडा पुढे सरकला. त्या आठवड्यात सरांनी नवा धडा बाजूला ठेवला. भाकरीचे फोटो काढले, अर्धी भाकरी आणि तिसरा हिस्सा भाकरी, आणि विचारले, या दोन्ही मिळून अर्ध्या भाकरीपेक्षा कमी कशा होतील? दोन पंचमांश तर अर्ध्याहून कमी. चार दिवसांनी तोच प्रश्न आकडे बदलून पुन्हा दिला. आलेखाचा तो उंच खांब बराच खाली आला होता.

मराठीच्या फॉर्ममध्ये याहून मोठी गोष्ट हाती लागली. ऑनलाइन तासाला मुले विचारत, “सर, माझी आवाज येते का?” मुसलमानांच्या मुलांचे मराठी अशुद्ध, असा शेरा आमच्या वाचकांपैकी कोणी ऐकला नसेल असे वाटत नाही. शाळेत ऐकला, कचेरीत ऐकला, मुलाखतीत ऐकला. म्हणून मराठीच्या सरांनी एक प्रश्नसंच केला. आवाज, पुस्तक, पाणी, दही, विजय अशा शब्दांपुढे ‘माझा, माझी, माझे’ यांतले काय लागेल? आणि ‘मी भाकरी खाल्ली’ की ‘मी भाकरी खाल्लो’?

उत्तरांचा आलेख समोर आला तेव्हा तिघेही बराच वेळ तो पाहत बसलो. चुका विखुरलेल्या नव्हत्या. त्या एका रांगेत उभ्या होत्या. जेथे दखनीत शब्द स्त्रीलिंगी आणि मराठीत पुल्लिंगी, तेथेच मुले अडखळत होती. जेथे मराठीत नपुंसकलिंग, तेथे अडखळत होती, कारण दखनीत लिंगे दोनच. ‘खाल्लो’चेही तसेच. दखनी माणूस ‘मैं रोटी खाया’ म्हणतो. क्रियापद खाणाऱ्याच्या मागे जाते, भाकरीच्या नाही. पोराने मराठीचे नियम मोडले नव्हते. आईकडून शिकलेल्या बोलीचा नियम त्याने इमानेइतबारे पाळला होता. याला अशुद्धपणा म्हणणे म्हणजे अन्याय.

मग शिकवण्याची पद्धत बदलली. दोन रकाने केले. घरी ‘आवाज आती है’, मराठीत ‘आवाज येतो’. घरी ‘किताब मेरी’, मराठीत ‘पुस्तक माझे’. घरचा रकाना खोडायचा नाही, त्याच्या शेजारी दुसरा लिहायचा. फॉर्ममधल्या चुकीच्या पर्यायाखाली सूचना लिहिली, ‘घरी हे बरोबर आहे. मराठीत पाहा कसे होते.’ एका मुलाने व्हॉट्सअॅपवर विचारले, “सर, म्हंजे आमची भाषा गलत नाय?” त्याला एका शब्दात उत्तर दिले. असे उत्तर देण्याची संधी वर्गात फार थोड्या वेळा मिळते.

फॉर्मच्या उत्तरांच्या तक्त्यात आणखी एक रकाना असतो, वेळेचा. प्रत्येक उत्तर किती वाजता आले त्याची नोंद. गुणांच्या रकान्यापेक्षा या रकान्याने आम्हांला अधिक शिकवले. मुलांची उत्तरे संध्याकाळी सातपासून येऊ लागत. मुलींची साडेदहानंतर, बाराच्या सुमारास. घरात फोन एक. अब्बा सकाळी तो घेऊन फळांच्या गाड्यावर नाहीतर कामावर जातात. संध्याकाळी परतले की फोन भाईच्या हातात. मग धाकट्या भावाचा खेळ. भांडी झाली, इशा झाली, सगळे निजले, की चार्जिंगला लावलेला फोन बहिणीच्या वाट्याला येतो. दुपारी चारला घेतलेल्या ऑनलाइन तासाला ती का नसते, याचे उत्तर त्या रकान्यात स्पष्ट लिहिलेले होते.

त्यानंतर ठरवले, की ठरावीक वेळेला हजर राहावे लागेल असे काहीही सक्तीचे ठेवायचे नाही. फॉर्म सकाळी सातपर्यंत उघडा. व्हिडिओ तीन मिनिटांहून मोठा नाही, कारण रात्री बारापर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असतो. कॅमेरा सुरू करण्याची सक्ती नाही. हा शेवटचा नियम ऐकून काही वालिदैन स्वतःहून फोन करून म्हणाले, आता पोरीला बसवतो. घरातली एकच खोली, मागे अंथरलेली गोधडी, ये-जा करणारी माणसे. हे साऱ्या वर्गाने पाहावे असे कोणाला वाटेल?

एकदा एकाच मुलीच्या नावाने दोन उत्तरपत्रिका आल्या. एकीत निम्मे गुण, दुसरीत पैकीच्या पैकी. विज्ञानाच्या बाईंनी विचारले तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, “वो दूसरी अम्मी भरी, मिस.” अम्मीची शाळा सातवीत सुटली होती. लेकीच्या फोनवर आलेले प्रश्न ती रात्री सोडवत होती. बाईंनी पुढच्या प्रत्येक फॉर्मला एक चौकट वाढवली, ‘घरातल्या कोणी सोडवले असल्यास येथे खूण करा’. कितीतरी घरांतून ती खूण येत राहिली.

विज्ञानाच्या बाईंना खरा आनंद दिला तो फेट नावाच्या प्रतिकृतींनी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात बोल्डर येथे २००२ साली हा प्रकल्प सुरू झाला. कार्ल वीमन यांनी तो सुरू केला. त्यांना २००१ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले होते. प्रतिकृती विनामूल्य आहेत आणि एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय चालतात. विद्युतमंडलाची प्रतिकृती उघडली की सेल, दिवा, तारा बोटाने ओढून जोडता येतात. मंडल पुरे झाले की तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. दिवा न लावता सेलची दोन टोके तारेने थेट जोडली तर पडद्यावर आग दिसते. प्रयोगशाळेत एकच अमीटर आणि त्याला हात लावायला बंदी, अशा शाळेतल्या मुलांना ही मोकळीक नवी होती. दहा वेळा आग लावली तरी कोणी ओरडत नाही, आणि दहाव्या वेळेला पोर स्वतःच म्हणते, मध्ये रोध पाहिजे. गणिताच्या सरांनी जिओजेब्रा घेतले. साल्झबुर्गच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१च्या सुमारास सुरू केलेले हे साधनही शाळांना मोफत आहे. त्रिकोणाचे टोक बोटाने कोठेही ओढा; तिन्ही कोन बदलतात, बेरीज १८० अंशच राहते. फळ्यावरचा त्रिकोण खडूने काढला की तेथेच राहतो, हा हलतो.

सगळी साधने अशी गुणी नसतात. गुणांची शर्यत लावणाऱ्या जलद प्रश्नमंजुषाही वापरून पाहिल्या. त्यांत बरोबर उत्तराबरोबर वेगालाही गुण मिळतात, आणि प्रत्येक प्रश्नानंतर पहिल्या पाचांची नावे झळकतात. मुलांना मजा आली. पण ज्याच्या घरी नेटवर्क मंद, तो बरोबर उत्तर देऊनही मागे. आणि पुन्हा तेच पाच पुढे! वर्गातली जुनी रांगच पडद्यावर आली होती. वेगाचे गुण बंद करता येतात तेथे ते बंद केले, खऱ्या नावांऐवजी फळांची नावे दिली. सीताफळाने बाजी मारली तेव्हा ते सीताफळ कोण, याची चर्चा गटात दोन दिवस चालली. ती मुलगी काही बोलली नाही.

पुढे शाळा उघडल्या. आता वर्गात मुलांच्या हाती फोन नाहीत, असूही नयेत. मग हे सारे गुंडाळून ठेवायचे का? येथे प्लिकर्स नावाची युक्ती कामी आली. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेला एक चौकोनी ठसा द्यायचा. ठसा प्रत्येकाचा वेगळा. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. ज्या पर्यायाची बाजू वर, ते उत्तर. सगळ्यांनी ठसे वर धरायचे आणि शिक्षकाने आपला मोबाइल वर्गावरून फिरवायचा. कॅमेरा ठसे वाचतो आणि कोणी काय उत्तर दिले ते शिक्षकाला दिसते. पर्यायांची अक्षरे कडेला इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला वाचता येत नाहीत, आणि ठसे वेगळे असल्याने त्याचे पाहून आपला फिरवता येत नाही. साठ मुले, एक फोन. ओढणीचे टोक गुंडाळणारी मुलगीही ठसा वर धरते. तिचे उत्तर मोजले जाते आणि तिला कोणी हसत नाही.

उत्तरे मिळाली की पुढे काय करायचे, यावर हार्वर्ड विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९०च्या दशकात चांगला मार्ग दाखवला आहे. वर्गाची मते दुभंगली तर शिक्षकाने उत्तर सांगायचे नाही. मुलांनी शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचे आणि पुन्हा मत द्यायचे. ते दोन मिनिटांचे बोलणे दखनीत होते, मराठीत होते, कधी भांडणाच्या सुरात होते. शिकणे तेव्हाच होते. यंत्राचे काम फक्त कोठे मतभेद आहे ते दाखवण्याचे.

आमच्या समाजाला हे तसे नवे नाही. मकतबात शिकलेल्यांना आठवेल, उस्ताद सबक देत तो दुसऱ्या दिवशी एकेका पोराकडून ऐकून घेत. चुकले की तेथेच थांबवत. जुना सबक आमोख्ता म्हणून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत, म्हणजे नवा शिकताना मागचा विसरायला नको. प्रत्येक पोराशी वेगळा व्यवहार, चूक झाल्या क्षणी दुरुस्ती, मागच्याची उजळणी. आज ज्याला परस्परसंवादी शिक्षण म्हणतात, त्याच्या या तिन्ही खुणा आहेत. म्हणून आमच्या प्रत्येक फॉर्ममध्ये शेवटचे दोन प्रश्न मागच्या महिन्यातले असतात. मुलांनीच त्यांना ‘आमोख्ता’ नाव दिले आहे.

साधने मात्र कायमची नसतात, हे ध्यानात ठेवावे. एके काळी शैक्षणिक खेळ ज्यावर चालत ते फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. गूगलचा जॅमबोर्ड हा फळा ३१ डिसेंबर २०२४ रोजी मिटला. म्हणून आमचे सारे प्रश्न, पर्याय आणि प्रत्येक पर्यायामागचे कारण एका लांब वहीत हाताने लिहिलेले आहे. आता तर यंत्राला सांगितले की ते क्षणात पन्नास प्रश्न लिहून देते. त्याचा उपयोग आम्हीही करतो. पण ‘माझी आवाज’ हा पर्याय ठेवावा, हे सांगायला सोलापूरच्या मोहल्ल्यातले पोर माहीत असावे लागते.

आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातला अर्धा भाग त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला. पुस्तकात क्यूआर कोड वापरण्याचे त्यांचे काम छोट्या गावात सुरू झाले. गाव लहान आहे, ही सबब त्यामुळे आता कोणाला सांगता येत नाही.

वाचकहो, तंत्राची एवढी हकिगत सांगण्यामागे एक मागणे आहे. आमच्या तक्त्यातला वेळेचा रकाना अजून पूर्ण बदललेला नाही. अभ्यास घरी दिला की मुलींची उत्तरे आजही रात्री उशिरा येतात. शिक्षक फॉर्म बनवू शकतो. घरातल्या फोनची रांग त्याला बदलता येत नाही. ती आपण बदलू शकता. जेवण झाल्यावर अर्धा तास फोन आधी लेकीकडे द्या. मोहल्ल्यात एखादी रिकामी खोली असेल तर तेथे एक जुना संगणक, एक इंटरनेट जोडणी आणि मुलींना निर्धास्त बसता येईल अशी संध्याकाळची वेळ, एवढी सोय करा. शादीखान्याच्या एका कोपऱ्यातही हे होऊ शकते. शिकवायला यायची तयारी आमची आहे, आणि प्रश्नांची लांब वहीही सोबत आणू.